कवायतवाले सर

सर आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा दार मी उघडलं, आणि ते परत गेले.

अगदी खरं सांगते. बेल वाजली, मी दार उघडलं, तर समोर एक उंच, काटकुळे, साठी उलटलेले गृहस्थ उभे. खांद्याला कापडी पिशवी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. "पेशंट तुम्ही?" मी म्हटलं, "नाही, माझे वडील. आत आहेत, या ना." "मग दार ते उघडतील," एवढं बोलून ते वळले आणि तीन जिने उतरून चालते झाले. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून थांबले होते, ती फुकट गेली. संध्याकाळी मी तणतणत फोन केला, तर शांतपणे म्हणाले, "उद्या याच वेळेला येतो. मला घाई नसते. मी बाहेर थांबतो."

दुसऱ्या दिवशी बेल वाजल्यावर आई सवयीनं उठायला लागली. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. अण्णा पलंगावरून उठले, निघाले, मध्ये दोनदा जागच्या जागी खिळले, पुन्हा निघाले. बाहेर सर जिन्याच्या कठड्याला टेकून पेपर वाचत होते. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी त्यांना दोनदा विचारलं म्हणे, की तुम्ही नक्की काय विकता. शेवटी अण्णांनी कडी काढली. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"कवायतवाले आपणच का?" अण्णांनी विचारलं.

"हो काकाजी. सव्वीस मिनिटं लागली."

"मी आपला काका कधीपासून झालो?"

"आमच्याकडे म्हणतात."

"आमच्याकडे नाही म्हणत," अण्णा म्हणाले. मग दारातून बाजूला होऊन सरांना आत घ्यायला त्यांना आणखी तीन मिनिटं लागली. सर तेवढा वेळ उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

आम्ही त्यांना सर म्हणायचो, आणि अण्णा शेवटपर्यंत कवायतवाले. त्यांचं शिक्षण रीतसर फिजिओथेरपीचं होतं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले आणि मग लोकांच्या घरी जाऊन चालायला शिकवायला लागले. मूळचे नागपूरकडचे. तीस वर्षं कसबा पेठेत दोन खोल्यांत राहून त्यांची भाषा पुष्कळ पुणेरी झाली होती, पण रंगात आले किंवा चिडले की तिकडची बाहेर पडायची. कसब्यातून कर्वेनगरला आमच्याकडे ते पायी यायचे. पावसात छत्री घेऊन, उन्हात डोक्याला रुमाल बांधून, पण पायीच. मी एकदा म्हटलं, "सर, बस आहे की हो थेट." तर म्हणाले, "लोकांना चालायला शिकवायला बसनं जाऊ?" वाटेतला प्रत्येक फुटलेला फूटपाथ त्यांना तोंडपाठ होता. कुठली फरशी हलते, कुठे केबलवाल्यांनी खणून ठेवलंय, हे ते आल्या आल्या सांगायचे. त्या वर्षांत सगळं शहरच कोणी ना कोणी खणत असे, त्यामुळे त्यांना विषयाची कधी वाण पडली नाही.

अण्णा मोजणी खात्यात होते. जिल्ह्यातल्या शेतांच्या हद्दी मोजत त्यांनी आयुष्य काढलं. दिवसाला दहा-बारा मैल चालणं त्यांच्या हिशेबी काहीच नव्हतं. त्या माणसाला पार्किन्सन झाला. हाताचा कंप आमच्या अंगवळणी पडला होता, पुटपुटल्यासारखं बोलणंही. पण पुढे पाय चालता चालता मध्येच जमिनीला चिकटायला लागले. माणूस उभा असतो, निघायची इच्छा असते, पायात ताकद असते आणि पाऊल उचलत नाही. सरांनी पहिल्या दिवशी आईला समजावून सांगितलं ते असं : "काकू, पाय चांगले आहेत. वरून हुकूम निघतो, तो पायापर्यंत पोचून नाही राहिला."

पलंगापासून संडासाच्या दारापर्यंतचं अंतर चौदा फूट दोन इंच होतं. अण्णांनी स्वतः टेप लावून मोजलं होतं. त्यांना मरणाची भीती नव्हती, बेडपॅनची होती. मला त्यांनी एकदा सरळ सांगितलं होतं, "ज्या दिवशी तू मला संडासाला न्यायला लागशील, त्या दिवशी माझं संपलं असं समज." आईची कंबर केव्हाच गेलेली, तिला त्यांचं वजन पेलणारं नव्हतं. तिसरी मी. एकटी, बिनलग्नाची, हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी सातला कंपनीची बस यायची आणि परत यायला आठ वाजायचे. म्हणजे त्या चौदा फुटांवर अण्णांची अब्रू होती आणि माझी नोकरी. हे घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण तिघांनाही ठाऊक होतं. सरांनाही लवकरच कळलं, कारण तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काकाजींना कुठं जायचंय? देवळात? बागेत? प्रत्येकाला कुठं तरी जायचं असतं." अण्णा म्हणाले, "संडासात." सर हसले नाहीत. म्हणाले, "बरं. चांगली जागा आहे."

सरांचं वैर होतं ते पायपुसण्यांशी. पहिल्या आठवड्यात घरातली सगळी पायपुसणी, आईनं जुन्या साड्यांची विणलेलीसुद्धा, त्यांनी गुंडाळून गॅलरीत टाकली. टीपॉय हलवला. सोफ्याची एक खुर्ची, जिच्यात बसलं की माणूस बुडतो, ती त्यांनी मला देऊन टाकली. "तुम्ही तरुण आहात, बुडा." मग अण्णांना लाकडी खुर्चीवरून उठायला शिकवलं. "नाक पायाच्या बोटांवर आणा. अजून पुढे. जमिनीवर काही पडलंय, ते वाकून बघताय असं." उठायची ही साधी गोष्ट अण्णा साठ वर्षं न शिकता करत होते आणि आता दिवसातून वीसदा शिकत होते. सगळं गोळी घेतल्यावर पाऊण तासानं, कारण गोळी चढलेली असतानाच शरीर ऐकतं. गोळीची वेळ मी चुकवली, तर सर मला शाळेतल्या मुलीसारखं बोलायचे. मी ऐकून घ्यायचे. दिवसभर ऑफिसात सगळ्यांचं ऐकून घेत होते, त्यात एकाची भर.

तोल सांभाळायचे धडे ओट्यापाशी. अण्णांना ओट्याला लागून उभं करायचे, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन न्यायला लावायचे. नुसतं उभं राहून माणूस कंटाळतो, म्हणून हाताला काम हवं, असं त्यांचं म्हणणं. आईनं ताबडतोब मेथीची जुडी पुढे ठेवली. अण्णांनी जुडीकडे बघितलं. "चाळीस वर्षं टाळलं," म्हणाले, "शेवटी गाठलंतच." पण त्यांनी मेथी निवडली. निम्मी पानं जमिनीवर सांडायची, आई ती आनंदानं गोळा करायची. लग्नानंतर नवरा स्वयंपाकघरात इतका वेळ तिच्याजवळ कधी उभा राहिला नव्हता, आणि तो उभा राहिला तो असा.

दुसरा नियम, चालताना बोलायचं नाही. चालण्यात लक्ष असेल तर पाय उचलतात, लक्ष उडालं की चिकटतात. एकदा माझी आत्या आली आणि दारातूनच "काय रे दादा, कसा आहेस?" करत अण्णांसमोर येऊन उभी राहिली. अण्णा खिळले. सरांनी आत्याला हातानं बाजूला केलं. "ते आत्ता कामावर आहेत. ऑफिस सुटलं की बोला." आत्या दोन महिने रागावली होती.

आणि टाळ्या. सर अण्णांच्या पुढे उलटे चालत टाळ्या वाजवायचे. एक, दोन, एक, दोन. हात मोठे, हाडकुळे, आवाज खणखणीत. त्या टाळ्यांवर पाऊल पडतं, असा त्यांचा ठाम विश्वास होता आणि आमच्याकडे तसं होतही होतं. अण्णा टाळीला पाऊल टाकायचे. सोसायटीत बोलबाला झाला की आमच्याकडे रोज सकाळी आरती असते. वळताना मात्र टाळ्या बंद. "जागच्या जागी वळायचं नाही. बैलगाडी वळते तसं, मोठ्या वळणानं." अण्णा म्हणाले, "बैलगाडीला आमचा हॉल लहान पडेल." सर म्हणाले, "म्हणून तर टीपॉय काढला."

अण्णांचा दार उघडायचा वेळ सव्वीस मिनिटांवरून चौदावर आला, मग नऊवर, मग चारवर. सर हे आकडे त्यांच्या बाकीच्या पेशंटना सांगत फिरायचे. शनिवार पेठेत एक वकील होते, एरंडवण्यात एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. "कर्वेनगरचे काकाजी चार मिनिटांत दार उघडतात," असं त्यांना ऐकवून सर त्यांना लाज आणायचे. आणि आमच्याकडे येऊन वकील कसे चालतात ते करून दाखवायचे. नुसतं दाखवायचे नाहीत, ते वकील व्हायचेच. खांदे आत, मान पुढे, बारीक बारीक धावती पावलं. आई म्हणायची, आजारी माणसांच्या नकला करणं बरं नव्हे. एके दिवशी अण्णांनी विचारलं, "आणि मी कसा चालतो?" सरांनी दाखवलं. एक हात न हलणारा, उजवं पाऊल फरपटणारं, हनुवटी किंचित वर, जणू सगळं ठीक चाललंय. अण्णांनी निरखून बघितलं आणि म्हणाले, "हनुवटी बरोबर आहे."

रस्त्यातल्या लोकांचीही ते अशीच परीक्षा करायचे. एका शनिवारी मला औषधं आणायची होती म्हणून मी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले. चालता चालता म्हणाले, "त्या बाईंचा डावा गुडघा गेलाय. तो मुलगा नवे बूट घालून आलाय. आणि ताई, तुम्ही दमल्या आहात." मी म्हटलं, "नाही हो, थोडी घाई आहे." "घाईतलं माणूस टाच आधी टेकवते. दमलेलं माणूस सपाट पाय टाकते. मले नका सांगू." एवढंच. झोपता का, जेवता का, असलं काही विचारलं नाही. पण किती तरी महिन्यांत कुणीतरी माझ्या पायांकडे बघितलं होतं. दुकानासमोर मी उगाचच दोन मिनिटं उभी राहिले.

आता सर कुठे आहेत मला माहीत नाही. मध्ये एकदा कसब्यात गेले होते, तर खोलीला दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. नागपूरला मुलीकडे गेले असं खालच्या तांब्याच्या भांड्यांच्या दुकानदारानं सांगितलं, पण तोही खात्रीनं बोलत नव्हता. मी जास्त खोदून विचारलं नाही. काही माणसांना शोधायला निघायचं म्हणजे मागचं सगळं पुन्हा चालून जावं लागतं, तेवढी ताकद माझ्यात नव्हती.

तर, फरशीबद्दल सांगायचं आहे.

कंपनीनं मला वर्षभरासाठी अमेरिकेला जाशील का म्हणून विचारलं. माझ्यामागून लागलेली पोरं दोन-दोनदा जाऊन आली होती. उत्तर द्यायला दोन महिने होते. सरांना विचारलं तर म्हणाले, "जा. काकाजी चालून राहिले." अण्णा म्हणाले, "जा की. मी काय इथेच आहे." मी ठरवलं की जायच्या आधी घर त्यांच्यासाठी नीट करून द्यायचं. संडासात कमोड, धरायला दोन्ही बाजूंना दांडे, आणि सगळ्या घराची फरशी. जुनी फरशी दहा इंची मोझेकची होती, बुद्धिबळाच्या पटासारखी एक काळी, एक पांढरी. झिजलेली, कडा उडालेली. आई वर्षानुवर्षं तिच्या नावानं बोटं मोडायची. त्या सुमारास सोसायटीत घरोघर नव्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसत होत्या, मोठ्या, दुधी रंगाच्या, इतक्या चकचकीत की दोन टाइल्समधला सांधा शोधावा लागे. मी त्याच आणल्या. सर महिनाभर गावी गेले होते, पुतण्याचं लग्न होतं. आईअण्णांना आत्याकडे ठेवलं. आत्याकडे अण्णा बहुतेक वेळ बसूनच होते. जागा लहान, म्हणून असेल असं आम्हाला वाटलं. आत्याकडे जायच्या आदल्या दिवशी अण्णांनी एकदा विचारलं होतं, "ही फरशी काढायलाच हवी का गं?" मी म्हटलं, "अण्णा, बघा तर खरं, घर कसं उजळून निघेल."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही परत आलो. अण्णांना आम्ही दोघींनी धरून आणलं आणि पलंगावर निजवलं, प्रवासानं दमलेत म्हणून. शनिवारी सकाळी सर यायचे होते. गोळी दिली, पाऊण तास झाला, बेल वाजली.

अण्णा उठले. नाक पायाच्या बोटांवर, अगदी शिकवल्याप्रमाणे. उभे राहिले. आणि थांबले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. ते खाली बघत होते, त्या दुधी, एकसारख्या, कुठेच काही नसलेल्या जमिनीकडे. बाहेर सर पेपर वाचत असणार. आई म्हणाली, "अहो, निघा ना." मी तिला गप्प केलं. पंधरा झाली. अण्णांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या. मग ते अगदी हळू म्हणाले, "मला संडासला जायचंय." मी पुढे झाले. "हात लावायचा नाही," ते म्हणाले. मी थांबले. मी का थांबले, हे मला आजही सांगता येणार नाही. थोड्या वेळानं त्यांच्या पायजम्यावरून धार खाली आली आणि नव्या फरशीवर पसरली. त्या फरशीवर सगळं स्पष्ट दिसतं.

दार मी उघडलं. मला बघून सर सवयीनं जिन्याकडे वळले होते, पण माझा चेहरा बघितला आणि बुटांसकट आत आले. आत आल्यावर जमिनीकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. आईला म्हणाले, "काकू, बादली आणा." आम्ही अण्णांना धरून आत नेलं, आईनं त्यांना धुतलं, कपडे बदलले. तोपर्यंत सरांनी गुडघ्यावर बसून जमीन पुसून काढली होती.

अण्णांना खुर्चीत बसवल्यावर सरांनी विचारलं, "फरशी कधी काढली?"

मी म्हटलं, "तुम्ही गावी होता तेव्हा."

अण्णाच बोलले, खाली बघत. "मी त्या चौकटींवर चालत होतो. एक काळी, एक पांढरी. पाऊल काळ्यावर टाकायचं. संडासापर्यंत सतरा फरश्या होत्या."

"आणि टाळ्या?" सरांनी विचारलं.

"टाळ्या ठीक होत्या."

सरांचा चेहरा पडला. दुसऱ्यांच्या घरी ते स्वतः जमिनीवर खडूनं रेघा मारायचे, कारण असल्या पेशंटला पाऊल टाकायला डोळ्यांपुढे खूण लागते, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. आमच्याकडे खुणा आधीच होत्या, म्हणून त्यांच्या ते ध्यानातच आलं नाही. काकाजी आपल्या टाळ्यांवर चालतात असं ते दीड वर्ष धरून बसले होते. "तुम्ही सांगितलं काहून नाही मले?"

"आपण इतकं मन लावून वाजवत होता," अण्णा म्हणाले. "सांगायला बरं वाटेना."

"आणि मला?" मी ओरडलेच. "मला का नाही सांगितलंत? मी तुमच्या देखत टाइल्स निवडल्या!"

"तू इतक्या हौसेनं आणत होतीस."

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. या माणसानं आयुष्यभर कोणाची भीड ठेवली नव्हती. पाहुण्यांना चहा गार झाला म्हणून सांगणारे, शेजाऱ्यांना त्यांचा मुलगा बेसूर गातो म्हणून सांगणारे, मला माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी 'शुद्धलेखन सुधार' म्हणणारे. आणि नेमकं जे बोलायला हवं होतं तेवढंच त्यांनी प्रेमापोटी गिळून टाकलं. हे मी सगळं ओरडून बोलले. आई रडायला लागली. सर म्हणाले, "ताई, त्यांना नका बोलू. चूक माझी आहे. मी फरशीकडे पाहिलंच नाही. मी स्वतःलाच पाहून राहिलो होतो."

मग ते खाली गेले आणि इलेक्ट्रिकच्या दुकानातून लाल चिकटपट्टीची चार रिळं घेऊन आले. पुढचे दोन तास मी कधी विसरणार नाही. साठी उलटलेला माणूस गुडघ्यावर बसून पट्ट्या लावतोय आणि खुर्चीतून अण्णा त्याला दोरी, टेप आणि कोन सांगतायत. "डावीकडे अर्धा इंच. अहो, ती रेघ आहे की ओढा? काढा. परत लावा." "काकाजी, पाऊल सोळा इंचांचं धरू की अठरा?" "सोळा. अठरा माझं नोकरीतलं पाऊल होतं." संडासापर्यंत अकरा पट्ट्या लागल्या. दारापर्यंत नऊ. अण्णा उठले, पहिल्या पट्टीकडे बघितलं आणि पाऊल टाकलं. मग दुसरं. सरांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

त्या पट्ट्यांनी आम्हाला नऊ महिने दिले. पुसताना त्या निघायच्या, दर रविवारी मी गुडघ्यावर बसून नव्या लावायचे. येणारेजाणारे विचारायचे, इतकी सुंदर फरशी आणि हे काय? अमेरिकेला मी गेले नाही. लोक याला त्याग वगैरे म्हणाले, तसं काही नव्हतं. मला त्या घरातून नजर हलवायची भीती बसली होती, एवढंच. आणि खरं सांगायचं तर मी इतकी दमले होते की जाण्याचे कागद भरायचा उत्साहसुद्धा उरला नव्हता. सर नेमानं येत राहिले.

मग थंडीत केव्हातरी पट्ट्या चालेनाशा झाल्या. अण्णा पहिल्या पट्टीसमोर उभे राहायचे, तिच्याकडे बघायचे, ती तिथे आहे हे त्यांना दिसायचं, आणि काही व्हायचं नाही. सरांनी पट्ट्या जवळ आणून बघितल्या, रंग बदलून बघितला. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, कमी केल्या. चौथ्या शनिवारी सरांनी काहीच केलं नाही. ते अण्णांच्या शेजारी पलंगावर बसले.

"काकाजी, उद्यापासून ताई नेतील."

अण्णांनी पहिल्या पट्टीकडे बघितलं.

"दुसरं म्हणजे पलंगावर भांडं."

"नको."

"मग ताई."

अण्णांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. सातची बस आता माझ्यासाठी नव्हती, हे सरांनाही ठाऊक होतं. ते माझ्याकडे वळले. "या. शिकवतो."

पहिल्यांदा ते स्वतः पेशंट झाले. अंग ताठ करून खुर्चीत बसले आणि म्हणाले, उठवा मला. मी हात धरून ओढलं. "खांदा निघेल माणसाचा. हात नाही. कमरेचा पट्टा धरा. समोर या, गुडघ्याला गुडघा लावा. आधी त्यांना पुढे झुकू द्या, मग तुम्ही. आता डोलवा. डावीकडे, उजवीकडे. वजन एका पायावर गेलं की दुसरा मोकळा होतो. आता तुम्ही मागे चला. ते पुढे येतील." मी तीनदा चुकले. चौथ्यांदा सर माझ्या हातांवर भार टाकून हॉलभर आले, आणि मी उलटी चालत राहिले. अण्णा पलंगावरून सगळं बघत होते.

"आता ते," सर म्हणाले.

मी अण्णांसमोर उभी राहिले. त्यांच्या अंगाला पावडरीचा वास होता. त्यांनी माझ्या कोपरांवर हात ठेवले, ते थरथरत होते, आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता कपाळाकडे बघत राहिले. मीही त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत होते. डोलवलं, डावीकडे, उजवीकडे. पाऊल सुटलं. मी एकेक पाऊल मागे गेले आणि ते एकेक पाऊल माझ्याकडे आले. आम्ही दोघं कधीच एकमेकांच्या इतक्या जवळ इतका वेळ उभे राहिलो नव्हतो. सर बाजूनं चालत होते, पण हात लावत नव्हते. संडासात शिरलो, सरांनी वळायचं कसं ते सांगितलं, मी कपडे सैल केले, अण्णांना बसवलं.

"आता दोघंही बाहेर," अण्णा म्हणाले.

आम्ही बाहेर येऊन दार लोटून घेतलं. मला रडू आवरेना. सर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहिले, त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही, याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे. आतून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला एकदाही हाक न मारता ते आत तसेच बसून राहतील, अशी मला भीती वाटत होती. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक हातात घेऊन उभी होती.

मग आतून अण्णांचा आवाज आला, अगदी नेहमीचा, जेवताना पाणी मागावं तसा.

"झालं. ये गं आत."

मी डोळे पुसले आणि आत गेले.